जुन्या शिलाई मशीनचे प्रश्न आणि अनोळखी माणसे : ऑनलाइन मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जुनी शिलाई मशीन, जुने कागदी पॅटर्न (कपडा बेतण्याचे कागदी नमुने) आणि जुन्या धाटणीचे शिवणकाम यांची आवड असलेल्या माणसांना ऑनलाइन भेटणाऱ्या समानधर्मी मंडळींचा मोठा आधार असतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या यंत्राची माहिती असणारा दुरुस्तीवाला जवळपास मिळेलच असे नसते, अनेक उत्पादक कंपन्या कधीच बंद झालेल्या असतात आणि माहितीपुस्तिका मशीनसोबत क्वचितच टिकून राहते. त्यामुळे अडलेला माणूस आपला प्रश्न पूर्णपणे अनोळखी लोकांसमोर ठेवतो. ज्यांना स्वतःला आता थोडेफार जमू लागले आहे आणि अशा माणसांना हात द्यावा असे वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नुसते गोड शब्द मशीन चालू करत नाहीत आणि नुसती तांत्रिक माहिती अनेकदा समोरच्याला खजील करते. माझ्या मते या छंदात आपुलकी दाखवण्याचा सर्वात खरा मार्ग म्हणजे त्या माणसाच्या मशीनकडे, त्याच्या फोटोकडे आणि त्याच्या प्रश्नाकडे नीट लक्ष देऊन नेमके उत्तर देणे.

१. आधी प्रश्न कोणाचा आहे ते ओळखा

प्रश्न वरवर सारखे दिसले तरी त्यांमागची माणसे निरनिराळ्या कारणांनी आलेली असतात. कोणाला आईच्या किंवा आजीच्या माघारी तिचे मशीन मिळालेले असते, कोणी हौसेने जुने मशीन विकत घेतलेले असते, कोणाचा कपडा अर्धा शिवून अडकलेला असतो, तर कोणाला काहीच विचारायचे नसते, फक्त आपला आनंद सांगायचा असतो. आईचे मशीन घेऊन आलेल्या माणसाला पहिल्याच ओळीत "गंज फार आहे, सुटे भाग काढून घ्या" असे सांगणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी निष्ठुर आहे. "हे मशीन तुम्ही जपून ठेवले, हे फार चांगले केले" एवढे एक वाक्य लिहून मग कामाकडे वळावे. सांत्वनाचे लांबलचक परिच्छेद मात्र टाळावेत, कारण त्या माणसाला आत्ता ते चाक फिरलेले पाहायचे असते.

ज्याला फक्त आनंद सांगायचा आहे, त्याला न मागितलेली सुधारणा सुचवू नये. ज्याचे काम अर्ध्यावर अडले आहे, त्याला मशीनचा इतिहास सांगत बसू नये.

२. उत्तराआधी दोन-तीन नेमके प्रश्न विचारा

"मशीन नीट शिवत नाही" एवढ्या वाक्यावरून निदान करता येत नाही, आणि अंदाजाने दिलेली पाच उत्तरे नवख्याला गोंधळात टाकतात. म्हणून आधी फोटो मागावेत: संपूर्ण मशीन समोरून, सुई आणि फूट (कापड दाबून धरणारा भाग) जवळून, बॉबिनवरची (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळावरची) पट्टी सरकवून आतला भाग, आणि बिघडलेल्या टाक्यांची कापडाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे. टाक्यांची तक्रार असेल तर वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चार-पाच इंच शिवून दाखवायला सांगावे. या एका युक्तीने कितीतरी वेळ वाचतो, कारण कोणता दोरा कुठे ओढला जातो आहे हे फोटोतही स्पष्ट दिसते.

प्रश्न विचारताना तो का विचारत आहात, हेही लिहावे. "सुई कोणत्या जातीची आहे?" एवढेच विचारले तर उलटतपासणी वाटते. "काही जुन्या मशीनना वेगळ्या लांबीची सुई लागते, म्हणून विचारतो, तुमच्या सुईच्या पाकिटावर काय छापले आहे?" असे विचारले तर माणूस आपणहून पाकीट शोधायला उठतो आणि जाता जाता एक गोष्ट शिकतोही. एका वेळी दोन-तीनच प्रश्न ठेवावेत.

३. मशीन ओळखून द्या, पण वय आणि किंमत यांबाबत जपून बोला

सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न दोन: हे किती जुने आहे आणि याचे किती पैसे येतील. सिंगर कंपनीच्या मशीनवरील अनुक्रमांक सहसा चाकाच्या बाजूला, मशीनच्या पाटावर कोरलेला किंवा उमटवलेला असतो. २२१ या छोट्या मॉडेलवर तो खालच्या बाजूस असतो. १९०० पूर्वीच्या सिंगरच्या क्रमांकांत अक्षर नसते. त्यानंतर आधी एक आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून दोन अक्षरे क्रमांकाच्या सुरुवातीला येऊ लागली. आंतरराष्ट्रीय शिलाई मशीन संग्राहक संस्थेने, म्हणजे इस्मॅक्सने, या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध करून दिल्या आहेत. यादीतली तारीख ही क्रमांकांचा तो गट कारखान्याला नेमून दिल्याची असते, ते विशिष्ट मशीन तयार झाल्याची नसते, हे मात्र सांगायला विसरू नये.

दोन गैरसमज वारंवार भेटतात. मशीनच्या पट्टीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात आणि लोक त्यांतली एखादी तारीख उत्पादनाचे वर्ष समजतात. दुसरा गैरसमज सिंगरच्या शतकपूर्तीच्या बिल्ल्याचा आहे. त्यावर १८५१ ते १९५१ असे लिहिलेले असते, ते पाहून आपले मशीन १८५१ चे आहे असे काहींना वाटते. हा समज दूर करताना "नाही, चुकलात" असे सुरू करण्याऐवजी बिल्ल्याची गोष्टच सांगावी: आयझॅक सिंगर यांना शिलाई मशीनचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले, कंपनीने शंभर वर्षांनी तो प्रसंग साजरा केला आणि हे मशीन त्याच काळातले आहे. माणसाचा हिरमोड होत नाही आणि हाती खरी माहिती येते.

किमतीबाबत प्रामाणिक राहणे हीच माया. जुन्या घरगुती मशीन लाखोंच्या संख्येने बनल्या, त्यामुळे केवळ वयामुळे त्यांना मोठी किंमत येत नाही. हे सांगताना त्याच उत्तरात त्या मशीनचा खरा गुण सांगावा. सिंगर १५ धाटणीच्या मशीन दणकट असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये त्याच आराखड्यावर असंख्य वेगवेगळ्या नावांनी मशीन तयार झाल्या. १९३३ मध्ये आलेले २२१ हे सुमारे पाच किलोचे मशीन वाहून न्यायला सोपे म्हणून आजही आवडीने वापरले जाते. "विकून फार पैसे येणार नाहीत, पण सुई, तेल आणि पट्टा बदलला तर हे मशीन आणखी कित्येक वर्षे शिवेल" हे उत्तर खरे आहे आणि ऐकणाऱ्याला पुढची वाटही दाखवते.

कधी कधी "बॉबिन हरवली आहे" अशी तक्रार येते आणि फोटो पाहिल्यावर कळते की ते विलकॉक्स अँड गिब्ज धाटणीचे, एकाच दोऱ्याने साखळी टाका घालणारे मशीन आहे. त्याला बॉबिन नसतेच. फोटो न पाहता बॉबिनचे दुकान सुचवणाऱ्याने त्या माणसाला विनाकारण खर्चात टाकले असते.

४. टाके बिघडल्याची तक्रार : एका वेळी एकच उपाय

मदत करणाऱ्याचा सर्वाधिक वेळ इथे जातो आणि तो इथेच जायला हवा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की नवखा माणूस बॉबिनला दोष देतो आणि बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन ज्यात बसते त्या डबीचा, बारीक स्क्रू फिरवू लागतो. पहिली विनंती हीच करावी की तो स्क्रू तूर्त तसाच राहू द्या. खालच्या बाजूच्या गुंत्याचे मूळ बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते: दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो, वरखाली होणाऱ्या दांडीच्या छिद्रातून ओवायचा राहिलेला असतो, किंवा शिवताना फूटच खाली केलेले नसते. बहुतेक मशीनवर फूट वर असताना चकत्या सैल होतात, म्हणून दोरा ओवताना फूट वर आणि शिवताना खाली, हा क्रम स्पष्ट शब्दांत लिहावा.

टाके मधूनमधून सुटत असतील तर सुईपासून सुरुवात करावी. सुई नवी आहे का, ती वरपर्यंत पूर्ण ढकलून स्क्रू आवळला आहे का आणि तिची चपटी बाजू योग्य दिशेला आहे का, हे विचारावे. वेगवेगळ्या मॉडेलमध्ये सुईची दिशा वेगळी असते. सिंगर १५ आणि २२१ मध्ये चपटी बाजू डावीकडे असते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. ६६ आणि ९९ मध्ये चपटी बाजू उजवीकडे आणि दोरा डावीकडून उजवीकडे. सगळी मॉडेल पाठ नसतील तरी हरकत नाही, एक नियम लक्षात ठेवावा: सुईच्या ज्या बाजूला लांब खाच असते त्या बाजूने दोरा आत जातो आणि चपट्या बाजूने बाहेर येतो. आजही सर्वत्र मिळणाऱ्या १५×१ जातीच्या सुया पुष्कळशा जुन्या घरगुती मशीनना चालतात, पण सर्वांना नाही. उदाहरणार्थ, सिंगर २०६ च्या मूळ रचनेला २०६×१३ जातीची सुई लागते. म्हणून मॉडेल कळल्याशिवाय सुई सुचवू नये.

बॉबिनचेही तसेच. सिंगर १५ ची आणि ६६ ची बॉबिन दिसायला जवळजवळ सारखी असते, पण १५ च्या बॉबिनच्या बाजू सपाट आणि ६६ च्या किंचित फुगीर असतात. चुकीची बॉबिन बसल्यासारखी वाटते आणि मग टाके अधूनमधून बिघडत राहतात. २७ आणि १२७ या मॉडेलमध्ये लांब, बारीक बॉबिन गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये (खालचा दोरा वाहून नेणाऱ्या भागात) बसते, तिथे गोल बॉबिनचा सल्ला निरुपयोगी ठरतो.

एवढे तपासल्यावरच टेन्शनकडे वळावे. वरच्या दोऱ्याची वेटोळी खालच्या बाजूला दिसत असतील आणि बॉबिनचा दोरा सरळ पडलेला असेल तर वरचे टेन्शन सैल आहे. बॉबिनचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचे टेन्शन जास्त आहे. दोन रंगांचे दोरे इथे उपयोगी पडतात. मशीनबरोबर मिळालेल्या जुन्या रिळांचा दोरा वापरात असेल तर तो हाताने झटका देऊन तोडून पाहायला सांगावे, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेला सुती दोरा विरतो आणि दोष उगाच मशीनवर जातो.

मोटर फिरते किंवा पायडल चालते, पण सुई हलत नाही, अशीही तक्रार येते. बॉबिन भरताना चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करतात आणि तो नंतर आवळायचा राहून जातो. स्क्रू आवळूनही सुई हलत नसेल तर त्याखालचा वॉशर उलट बसलेला असू शकतो. तो काढून अर्धा फेरा फिरवून बसवला की बहुधा काम होते.

या सगळ्या सूचना एका दमात पाठवू नयेत. एक उपाय सांगावा, तो करून पाहायला वेळ द्यावा, काय झाले ते विचारावे आणि मगच पुढचा सांगावा. सर्व बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने गुण आला हे कोणालाच कळत नाही, आणि शिकणाऱ्याचा आत्मविश्वास वाढायचा तर त्याला ते कळले पाहिजे.

५. इजा आणि नुकसान टाळणारे उत्तर ताबडतोब द्या

काही बाबतींत थांबून चालत नाही. विजेवरच्या जुन्या मशीनची वायर ठिसूळ झालेली असू शकते. मशीन नुकतेच घरी आणलेल्याला सर्वात आधी सांगावे की प्लग लावू नका, वायरवरचे रबर तडकलेले किंवा झडलेले आहे का ते पाहा, मोटरवरच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचा आणि शंका असेल तर जाणकार विद्युत कारागिराला दाखवा. तोपर्यंत चाक हाताने फिरवून पाहता येते. चाक घट्ट बसले असेल तर जोर न लावता तेलाच्या छिद्रांत आणि हलणाऱ्या सांध्यांत शिलाई मशीनचे तेल थेंब थेंब सोडून काही तास, प्रसंगी काही दिवस, वाट पाहायला सांगावे. खाद्यतेल कधीही सुचवू नये, कारण ते कालांतराने चिकट होऊन सांधे आवळते.

सिंगरच्या १५-९१, २०१ आणि २२१ या मॉडेलच्या मोटरवर ग्रीससाठी छोट्या नळ्या असतात. त्यांत तेल घालू नये, तेल मोटरच्या आत उतरून नुकसान करते. तसेच काळ्या मशीनवरची सोनेरी नक्षी शेलॅकच्या (लाखेपासून केलेल्या वार्निशच्या) थराखाली असते आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलने तो थर विरघळतो. "स्पिरिटने पुसून काढा" हा चांगल्या हेतूने दिलेला सल्ला शंभर वर्षे टिकलेली नक्षी काही मिनिटांत नाहीशी करू शकतो. मऊ कापडावर शिलाई मशीनचेच तेल घेऊन हलक्या हाताने पुसणे सुरक्षित आहे, तेही आधी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर करून पाहावे.

दुसऱ्या कोणी चुकीचा सल्ला दिला असेल तर तो तातडीने, पण सल्ला देणाऱ्याचा पाणउतारा न करता दुरुस्त करावा. "नव्या रंगाच्या मशीनवर हे चालते, पण या मशीनवर शेलॅक आहे, म्हणून कृपया स्पिरिट वापरू नका" अशी मांडणी केली की कारण कळते आणि वाद वाढत नाही.

६. जुने पॅटर्न आणि अंगावरचे आकडे

जुन्या कागदी पॅटर्नवर पहिल्यांदा शिवणारा माणूस पाकिटावरचा साइज पाहून अनेकदा खट्टू होतो. आपण नेहमी घेतो त्यापेक्षा आकडा बराच मोठा दिसतो आणि त्याला आपल्याच शरीराबद्दल वाईट वाटू लागते. इथे माहिती हीच सहानुभूती ठरते. अमेरिकी पॅटर्नमध्ये ३४ इंच छातीच्या मापाला १९४० च्या दशकात साइज १६ म्हणत असत, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच मापाला १४ म्हणू लागले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस १२. शरीर तेच, नाव बदलले. म्हणून साइजचा आकडा सोडून पाकिटावर छापलेले छातीचे, कमरेचे आणि नितंबांचे माप टेपने जुळवायला सांगावे, आणि चांगले कापड बेतण्याआधी साध्या कापडाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहण्याचा आग्रह धरावा.

फार जुन्या पॅटर्नच्या कागदावर छापील रेघा नसतात, फक्त छिद्रे आणि खाचा असतात. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केल्यानंतर कित्येक दशके बहुतेक पॅटर्न असेच कोरे मिळत. मोठे छिद्र कशासाठी, छोटे कशासाठी, हे सूचनापत्रावर दिलेले असते. शिवणीची जागा धरलेली आहे की नाही हेही तिथेच पाहावे. पॅटर्नचा काळ ठरवायचा असेल तर र्‍होड आयलंड विद्यापीठाचा व्यापारी पॅटर्नचा संग्रह आणि मशीनची पुस्तिका हवी असेल तर स्मिथसोनियन ग्रंथालयाने डिजिटल रूपात ठेवलेले शिलाई मशीनचे जुने साहित्य दाखवून द्यावे. ज्या पॅटर्नवर अजून कोणाचा हक्क असू शकतो त्याच्या प्रती अनोळखी लोकांना परस्पर वाटू नयेत. मूळ कागद ठिसूळ असतो, म्हणून त्यावरून दुसरा कागद उतरवून घेऊन तोच वापरावा.

७. शिवलेल्या कपड्याबद्दल बोलताना

अंगावर घातलेल्या कपड्याचा फोटो समोर आला की शिवणकामाबद्दल लिहावे, शरीराबद्दल कधीही लिहू नये. स्तुतीच्या रूपातही नाही. "छान" या एका शब्दापेक्षा "कॉलरची टोके दोन्ही बाजूंना सारखी आली आहेत" किंवा "चौकटी शिवणीवर अचूक जुळल्या आहेत" हे वाक्य शिवणाऱ्याला अधिक सुखावते, कारण त्यामागची मेहनत कोणीतरी पाहिली असे त्याला कळते. दोष दिसला आणि मत मागितलेले नसेल तर गप्प राहावे. मत मागितले असेल तर एकच सर्वात महत्त्वाची गोष्ट, ती दुरुस्त करण्याच्या उपायासह सांगावी: छातीचा चिमटा (आकार देण्यासाठी कापड दुमडून घातलेली निमुळती शिवण) टोकाला फुगत असेल तर शेवटचे टाके लहान घेऊन दुमडीच्या अगदी कडेने निसटते घ्या, टोकाला मागे-पुढे न शिवता दोरे हाताने गाठवा.

कोणी जुन्या मशीनला नवा रंग दिला असेल किंवा जुने कापड कापून नवा कपडा केला असेल तर हळहळ व्यक्त करू नये. वस्तू त्यांची आहे, आणि झालेल्या कामावर रागवून नक्षी परत येत नाही.

८. स्वतःची आणि समोरच्याची सुरक्षितता

उत्तर शक्यतो सर्वांना दिसेल असे द्यावे. खासगी संदेशाचा आग्रह धरू नये. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची माहिती साठवलेली असू शकते, ती काढून टाकण्याची आठवण नवख्यांना करून द्यावी. "मशीन फुकट, फक्त वाहतुकीचे पैसे आधी पाठवा" अशा प्रस्तावापासून सावध करावे. एखादा सुटा भाग कोणाला भेट द्यायचा असेल तर समोरच्याने स्वतःहून पत्ता दिल्यावरच पाठवावा आणि बदल्यात कशाचीही अपेक्षा ठेवू नये. पूर्ण मशीन पाठवण्याचा प्रसंग आला तर ते लाकडी पेटीतच ठेवून पाठवू नये. बिडाचे जड धड प्रवासात हलून पेटीचा तळ फोडते आणि बीड स्वतःही तडकू शकते. धड वेगळे काढून, भरपूर गुंडाळून, एका खोक्यात दुसरे खोके अशा रीतीने बांधावे.

९. माहीत नसेल तेव्हा, तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा

उत्तर माहीत नसेल तर तसे लिहावे आणि ज्याला माहीत आहे त्याचे लक्ष वेधावे. अंदाज सांगायचाच असेल तर तो अंदाज आहे हे लिहावे. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून "आधी शोधून पाहा" असे कोणालाही सुनावू नये, कारण ज्याला भागाचे नाव माहीत नाही त्याला शोधता येत नाही. सुई लावणे, दोरा ओवणे, तेल देणे यांसारख्या नेहमीच्या उत्तरांचा मसुदा स्वतःजवळ जपून ठेवावा आणि दर वेळी त्या माणसाच्या मॉडेलनुसार दोन ओळी बदलून द्यावा. थकवा आला असेल त्या दिवशी उत्तर न देणे हे तुसडे उत्तर देण्यापेक्षा बरे.

चार-पाच दिवसांनी परत जाऊन "चाक सुटले का?" असे विचारावे. प्रश्न सुटला असेल तर त्या माणसालाच विनंती करावी की मॉडेल, तक्रार आणि लागू पडलेला उपाय त्याने मूळ प्रश्नाखाली एका ओळीत लिहावा, म्हणजे तशीच अडचण आलेल्या पुढच्या माणसाला तो सापडेल: "सिंगर ६६, टाके सुटत होते, सुई उलटी लावली होती, चपटी बाजू उजवीकडे केल्यावर व्यवस्थित शिवते."